खाड्यांचा हिशेब

पुणे,
२८ डिसेंबर २०२५

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

फोन रोज होतोच, पण बाबा, तुमच्या हातात आला की दोन मिनिटांत "घे, आईशी बोल" म्हणून तुम्ही मोकळे होता. म्हणून हे पत्र.

सोबत २०२६चं कालनिर्णय पाठवतेय. कारण सांगायचं तर माझ्या गेल्या ३१ डिसेंबरच्या संकल्पांपासून सुरुवात करावी लागेल. वहीत पाच लिहिले होते: साखर बंद, रोज दहा हजार पावलं, महिन्याला दोन पुस्तकं. उरलेले दोन आता आठवतही नाहीत. ११ जानेवारीपर्यंत पावलं भरली. १२ला ऑफिसातच साडेनऊ वाजले, पावलं जेमतेम तीन हजार. दुसऱ्या दिवशी म्हटलं, मोडलाच ना संकल्प, मग गुलाबजामनं काय घोडं मारलंय? (ते दहा हजार आले कुठून, तर १९६५मध्ये जपानात विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून! डॉक्टर मला फक्त आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला म्हणाले होते.)

जूनमध्ये रक्त तपासलं तर तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ६.१. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. आई, ओरडू नकोस.

मग कांदेनवमीला भजी तळताना तुझा चातुर्मास आठवला. कांदा, लसूण, वांगं बंद, पण कार्तिकीपर्यंतच. जन्मभराचं तू कधी बोलली नाहीस. मीही ६ जुलैला, आषाढीला, चार महिन्यांपुरता एकच नेम धरला: सकाळी वेताळ टेकडीवर अर्धा तास.

दहाव्या दिवशी पावसानं तोही मोडला. खिडकीशी चहा घेऊन बसले होते आणि बाबा, डोळ्यांसमोर आलं ते आपल्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय. दूध आलं नाही की त्या चौकोनात तुमची बारीक फुली, पाहुणे असले की "अर्धा जास्त", आणि महिनाअखेरीला चष्मा नाकावर ओढून गवळ्याशी हिशेब. एक खाडा पडला म्हणून तुम्ही रतीब बंद केल्याचं मला आठवत नाही. भांडणं आठवतात ती वेगळ्याच कारणाची. आई पानामागची पाककृती कापायची आणि कात्रणाबरोबर तुमचे आठ-दहा दिवसांचे खाडे तिच्या डब्यात जायचे!

मीही पेन्सिल घेतली. चार महिन्यांत खाडे ३१, त्यातले सलग सहा तापाचे. पण टेकडी सुटली नाही, कार्तिकी उलटली तरी जातेच आहे. नोव्हेंबरात साखर ५.८ आली.

आता तुमचा गुडघा. त्याच्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, पाय ताठ करून ती दाबायची, दहा आकडे मोजायचे, दिवसातून दोनदा. एवढंच सांगितलंय ना फिजिओथेरपिस्टनं? तुम्ही तीन दिवस नेटानं करता, चौथ्या दिवशी कुणीतरी गप्पांना येतं, आणि पाचव्या दिवसापासून "आमच्याच्यानं नाही व्हायचं आता." आई मला सगळं सांगते, तिच्यावर चिडू नका. नाही झालं एखाद्या दिवशी तर नका करू. पण फुली मारा आणि दुसऱ्या दिवशी परत टॉवेल घ्या. वर्षभराचं मी बोलतच नाही, संक्रांतीपर्यंत बघू. १४ जानेवारीला मी येतेय, गुळाच्या पोळ्या खाऊन झाल्या की पान बघेन. चौदापैकी सात खाडे निघाले तरी चालतील, टॉवेल सुटायला नको. आणि खाडा लपवणं तर तुमच्या हातून व्हायचंच नाही, तुम्ही गवळ्याचा अर्धा लिटर कधी बुडवला नाहीत.

पेन्सिल पाकिटात आहे, टोक करून दिलंय.

आई, जानेवारीच्या पानाला मी येईपर्यंत कात्री लावायची नाही.

तुमची,
लेक