कॅरोलचा आजार 'मनाचा' ठरवला कुणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला भयपटांवरचा लेख वाचला. त्यात टॉड हेन्स यांच्या 'सेफ'ला (१९९५) जागा मिळाली म्हणून बरे वाटले. पण 'नायिकेचा आजार अखेर मनाचाच निघतो' हे वाक्य खटकले. चित्रपटात असे काहीही निघत नाही. दिग्दर्शकाने तो निवाडा मुद्दामच टाळला आहे, आणि भीती वाटते ती त्यामुळेच.

गोष्ट १९८७ची, लॉस एंजेलिसजवळच्या सॅन फर्नांडो व्हॅलीतली. कॅरोल (ज्युलिअन मूर) ही सुखवस्तू गृहिणी. मागवलेल्या रंगाऐवजी काळाच सोफा घरी येतो, एवढेच काय ते तिच्या आयुष्यातले संकट! पुढे ट्रकचा धूर नाकात जाऊन ती गाडीत खोकत सुटते. पार्लरमध्ये केस पर्म (रसायन लावून कुरळे) करून घेते आणि आरशात बघता बघता नाकातून रक्ताची बारीक धार ओघळते. ना किंचाळी, ना दचकवणारे संगीत. कॅमेरा इतका लांब उभा, की स्वतःच्याच दिवाणखान्यात ती शोभेच्या वस्तूंपैकी एक वाटते.

डॉक्टर तपासतात, काही सापडत नाही, मग मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतात. इथे मला माझेच दिवस आठवले. आमचे ऑफिस नव्या जागेत गेले. ताजे सनमायका, गालिचे, एसी, उघडता न येणाऱ्या खिडक्या. दुपारी तीन वाजले की डोके ठणकायचे, घसा सोलवटायचा. डॉक्टरांनी माझ्याकडे न बघता शेजारी बसलेल्या यजमानांना विचारले, "घरी काही टेन्शन?" खुर्ची पॅसेजमध्ये हलवून घेतली तेव्हा त्रास कमी झाला. कारण वासच होता, असे मी छातीठोकपणे नाही सांगणार. रोजची रसायने न सोसण्याची ही तक्रार वैद्यकशास्त्रात आजही स्वतंत्र आजार म्हणून सर्वमान्य नाही. पण कारण सापडले नाही म्हणजे बाई कांगावा करते, हे कुठले शास्त्र?

तुमच्या लेखकाने उत्तरार्ध तर दोन ओळींत उरकला. कॅरोल न्यू मेक्सिकोतल्या, अशाच रोग्यांसाठी असलेल्या 'रेनवुड' आश्रमात जाते. तिथला गुरू पीटर गोड आवाजात एकेकाला विचारतो, तू आजारी का पडलास? उत्तर ठरलेले: स्वतःवर प्रेम नव्हते म्हणून. धूर, फवारे, कारखाने यांचे नावच नाही. दोष सगळा रोग्याच्या पदरात. पीटरला स्वतःला एड्स आहे, हेही उगीच नाही. स्वतःवर प्रेम केले की आजार बरे होतात, असे सांगणाऱ्या अमेरिकी लेखिका लुईस हे (Louise Hay) यांच्या एड्सविषयीच्या लिखाणातून हा धागा सुचल्याचे हेन्स यांनी सांगितले आहे. याच बाईंची पुस्तके आपल्याकडेही हौसेने भेट दिली जातात; माझ्याही आजारपणात एक आले होते. हा पीटर वर्तमानपत्रे वाचणेही सोडून देतो, मनाला त्रास नको म्हणून! (आपण याची नोंद घ्यावी.) आणि अनुयायी साध्या खोल्यांत राहत असताना याचा बंगला मात्र टेकडीवर ऐसपैस.

लेखकाच्या मते शेवटी कॅरोल 'सावरते'. नवरा परत गेलेला, आणि ती एकटी एका बिनखिडकीच्या, इग्लूसारख्या घुमटात राहायला आलेली. तिथे आरशासमोर उभी राहून 'आय लव्ह यू' पुटपुटते. लेखकाने हा प्रसंग कृपया पुन्हा पाहावा. शब्द बाजूला ठेवून फक्त तिचा चेहरा पाहावा. गालफडे बसली आहेत, कपाळावर चट्टा आहे, आणि तो पार्लरमधल्या प्रसंगात नव्हता.

आपली,
एक वाचक, डोंबिवली