अपघात रस्त्यावरच मिटवू नका

महोदय,

दुचाकीच्या अपघातांच्या बातम्या आपल्या दैनिकात जवळजवळ रोज येतात. धडक कशी झाली, गाड्या कोणत्या दिशेने येत होत्या, हे त्यांत असते. पुढच्या तासाभरात जखमीच्या बाबतीत काय केले गेले, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशभरात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांतली सुमारे ४५ टक्के दुचाकीवरची होती. पुणे-नाशिक महामार्गालगत राहणाऱ्या आम्हा लोकांना असे अपघात नवे नाहीत. जमलेल्या लोकांना प्रत्येक वेळी दोन गोष्टींची घाई झालेली दिसते : जखमीला उचलण्याची आणि प्रकरण मिटवण्याची. या दोन्ही घाईंमुळे होणारे नुकसान टाळता येण्यासारखे आहे, म्हणून हे पत्र.

मोटारसायकलवरून कोणी पडले की पहिला धावून आलेला माणूस त्याच्या काखेत हात घालून त्याला बसता करतो, दुसरा हेल्मेट ओढून काढतो आणि तिसरा तोंडाला पाण्याची बाटली लावतो. तिघांचाही हेतू मदतीचाच असतो. परंतु मानेच्या मणक्याला इजा झालेली असेल, तर त्या एका हिसक्याने माणूस जन्माचा अधू होऊ शकतो आणि अर्धवट शुद्धीत पाजलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. सर्वांत आधी कोणीतरी थोडे मागे जाऊन येणाऱ्या गाड्या थांबवाव्यात, दुचाकीची चावी बंद करावी आणि १०८ किंवा ११२ वर फोन करून जवळचा पूल, पेट्रोल पंप किंवा किलोमीटरचा दगड अशी नेमकी खूण सांगावी. आग लागण्याचा किंवा पुन्हा धडक बसण्याचा धोका नसेल, तर जखमीला हलवू नये. हेल्मेटची काच वर करावी, पट्टा सैल करावा. श्वास अडत असेल किंवा तोंडात उलटी साचत असेल तरच हेल्मेट काढावे, आणि तेही दोघांनी मिळून. एकाने मान व डोक्याचा मागचा भाग खालून दोन्ही हातांनी स्थिर धरायचा आणि दुसऱ्याने हेल्मेटच्या दोन्ही बाजू किंचित फाकवून ते सरळ रेषेत, हळूहळू बाहेर घ्यायचे. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ रुमाल किंवा ओढणी घट्ट दाबून धरावी; रक्त थांबले का हे पाहण्यासाठी ती वारंवार उचलू नये.

‘उगाच पोलिसांचे लफडे मागे लागेल’ म्हणून अनेक जण लांबूनच बघत राहतात. ही भीती पूर्वी निराधार नव्हती, हे मान्य करायला हवे. पण सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना २०१६ मध्ये मान्यता दिली आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. त्यानुसार सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्तीही करता येत नाही. याच कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे कर्तव्यावरच्या डॉक्टरने कागदपत्रांच्या पूर्ततेसाठी न थांबता ताबडतोब उपचार सुरू करायचे असतात.

यापेक्षाही मला अधिक काळजी वाटते ती जागेवरच्या मिटवामिटवीची. आमच्या गावातल्या एका तरुणाच्या मोटारसायकलला मागून कारचा धक्का बसला. तो उठून उभा राहिला, व्यवस्थित बोलला. कोपर आणि गुडघा तेवढा सोलवटला होता. जमलेल्यांतल्या जाणत्यांनी मध्यस्थी केली, कारवाल्याने दोन हजार रुपये काढून दिले आणि तो निघून गेला. मुलगा घरी आला, जेवून झोपला. मध्यरात्रीनंतर त्याला उलट्या सुरू झाल्या, हाक मारली तर तो नुसता हुंकार देऊ लागला. कवटीच्या आत रक्त साठले होते. शस्त्रक्रिया झाली आणि जीव वाचला. पण वडिलांना जमीन गहाण टाकावी लागली, आणि त्या कारचा नंबर कोणीही टिपून घेतलेला नव्हता.

डोक्याच्या अशा दुखापतीत माणूस काही तास अगदी ठणठणीत दिसू शकतो, ही गोष्ट प्रत्येक घरात माहीत असायला हवी. डोक्याला मार लागला असेल तर वरून जखम दिसो वा न दिसो, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि पहिले चोवीस तास माणसाला एकटे सोडू नये. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, न आवरणारी झोप, कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाणी यांपैकी काहीही दिसले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्याला मोठ्या रुग्णालयात न्यावे.

लोक मिटवतात त्याला कारणेही आहेत. गाडी पोलीस ठाण्यात अडकून पडते, परवाना घरी राहिलेला असतो, विम्याची मुदत संपलेली असते. परंतु आपल्या गाडीचा विमा संपला म्हणून दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या दुखापतीची भरपाई मागण्याचा हक्क बुडत नाही. तो बुडतो नोंद नसल्यामुळे. अपघाताची माहिती चालकाने लवकरात लवकर, फार तर चोवीस तासांच्या आत पोलिसांना द्यावी, असे कायदा सांगतो. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे व विमा कंपनीकडे पाठवायचा असतो. दावा दाखल करण्यासाठी कायद्याने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत जखमीला नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोकड उपचार मिळू शकतात. धडक देणारे वाहन पळून गेले आणि सापडलेच नाही, तरी मृत्यू झाल्यास दोन लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास पन्नास हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी प्रांत किंवा तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. यांतले काहीही मिळवायचे तर अपघात कुठेतरी लिहिलेला असावा लागतो. म्हणून गाड्या बाजूला घेण्याआधी दोन्ही गाड्यांचे, नंबरप्लेटचे आणि रस्त्याचे मोबाइलवर फोटो काढावेत, प्रत्यक्ष पाहणाऱ्या एका-दोघांचे फोन नंबर त्यांच्या संमतीने घ्यावेत आणि रुग्णालयात ‘घरी पडलो’ असे मुळीच सांगू नये. केसपेपरवर एकदा उतरलेले ते वाक्य पुढे दाव्याच्या आड येते.

अपघातग्रस्ताचे हक्क सांगणारा नमुना त्याला किंवा त्याच्या कुटुंबाला द्यावा, असे २०२२ च्या नियमांत आहे. तो किती जणांच्या हाती पडतो, असा प्रश्न आमच्या भागातल्या जखमींच्या नातेवाइकांशी बोलताना पडतो. पोलीस ठाण्यांनी हा नमुना सोप्या मराठीत छापून तालुक्यातल्या प्रत्येक रुग्णालयाच्या अपघात विभागात ठेवावा. आरटीओने शिकाऊ परवाना देताना हेल्मेट काढण्याची रीत प्रत्यक्ष करून दाखवावी. अपघातस्थळी रुग्णवाहिकेच्या आधी बहुधा ढाबे, पंक्चरची दुकाने आणि पेट्रोल पंप यांवर काम करणारी मुले पोहोचतात. महामार्गालगतच्या ग्रामपंचायतींनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीने त्यांना अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. त्याला फारसा खर्च नाही आणि पावसाळ्यात निसरड्या रस्त्यांवर दुचाक्या घसरू लागण्यापूर्वी ते सहज उरकता येईल.

– एक वाचक, नारायणगाव (जि. पुणे)