पौर्णिमेच्या रात्री भरतीच्या रेघेखाली तंबू आणि परवानगीशिवाय विकलेला नागेश्वर मुक्काम : लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, मोहिमा विभाग

विषय : दापोली किनारा – नागेश्वर गुहा – वासोटा किल्ला ही चार रात्रींची मोहीम. पैसे परत मिळणे आणि पुढची तुकडी थांबवणे याबाबत.

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी जे बोलणं झालं, त्यानंतर आम्ही फोन करणं बंद केलं आहे. आता जे काय ते लेखी. माघ पौर्णिमेला साताऱ्याहून निघालेल्या तुकडीतल्या चौदा जणांच्या वतीने हे पत्र आहे. माणशी ९,८०० रुपये तुम्ही आगाऊ घेतलेत. कार्यक्रमपत्रिका तुमचीच आहे, त्यामुळे मोहीम काय होती ते सांगत बसत नाही. काय झालं, काय झालं नाही आणि ते का चुकलं, तेवढं लिहितो.

पहिली रात्र कर्द्याच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, होती. संध्याकाळी सहाला पोचल्यावर तुमच्या लीडरने ओल्या वाळूपासून पंचवीस-तीस पावलं वर तंबू लावायला लावले. किनारा त्याला ऐसपैस वाटला, कारण ती भर ओहोटीची वेळ होती. पौर्णिमा-अमावास्येला कोकणात ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला येते. म्हणजे मुक्कामाची जागा शोधायच्या नेमक्या वेळी पुळण सगळ्यात रुंद दिसते, आणि त्याच रात्री सव्वाअकरा-साडेअकराला उधाणाची भरती असते. ज्याला हे माहीत नाही तो दर पौर्णिमेला फसणार. पण पाणी कुठवर येतं ते वाळूवरच दिसतं. वाळलेलं शेवाळ, काटक्या, शिंपल्यांचा चुरा, थर्माकोलचे तुकडे यांची एक वेडीवाकडी रेघ किनारभर पडलेली असते. ती आधीच्या भरतीची खूण. तंबू त्या रेघेच्या वर लावायचे, आणि उधाणाच्या दिवसांत तर रेघ सोडून थेट सुरूच्या झाडांजवळ. तुमच्या माणसाने ते रेघेच्या खाली, समुद्राच्या बाजूला लावले. आमच्यातल्या दोघांनी त्याला ती रेघ दाखवून सांगितलं. ‘आम्ही नेहमी इथंच लावतो’ हे त्याचं उत्तर. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, लावले असतील आणि निभावलंही असेल. भांगाचं पाणी तेवढं वर चढत नाही.

अकरा वाजून गेल्यावर पहिल्या ओळीतल्या तंबूंत पाणी शिरलं. ते सगळे तळाकडून भिजले आणि दोन तंबू खुंट्यांसकट उखडले. उखडणारच होते. सहा-सात इंचाची लोखंडी खुंटी कोरड्या वाळूत धरत नाही. पिशवीत वाळू भरायची, तिच्या पोटाला दोरी बांधायची आणि ती पिशवी हातभर खोल आडवी पुरायची, तेव्हा कुठे ताण बसतो. तुमच्या सामानात अशा पिशव्याच नव्हत्या. भिजलेल्या स्लीपिंग बॅगा दुसऱ्या दिवशी लीडरने गाडीच्या टपावर वाळत घातल्या आणि रात्री परत वाटल्या. खाऱ्या पाण्यात भिजलेली बॅग नुसत्या उन्हाने सुकत नाही. बॅगेत उरलेलं मीठ हवेतला दमटपणा ओढून घेत राहतं आणि रात्री ती पुन्हा ओलसर होते. आधी गोड्या पाण्यात दोनदा पिळून काढावी लागते. एवढं पाणी तुमच्याकडे नव्हतं, कारण चौदा जणांच्या पिण्याला, स्वयंपाकाला आणि भांड्यांना मिळून तुम्ही वीस लिटरचे दोन जार आणले होते. माणशी तीन लिटरही पडत नाही.

पाणी शिरण्याआधी त्या लीडरने पुळणीवर मोठी शेकोटी पेटवली होती आणि गाडीचे दिवे समुद्राकडे रोखून स्पीकर लावला होता. दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. फेब्रुवारीत माद्या रात्री वर येत असतात आणि आधीच्या घरट्यांतून पिल्लंही बाहेर पडू लागलेली असतात. पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं. समुद्राकडच्या उजेडाऐवजी त्याला शेकोटी दिसली तर ते उलटं जमिनीकडे जातं आणि सकाळपर्यंत कावळ्या-कुत्र्यांच्या तोंडी पडतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हा प्राणी पहिल्या अनुसूचीत आहे. तिथल्या गावांनी वर्षानुवर्षं घरटी राखली आहेत आणि तुम्ही तिथे ‘बॉनफायर नाइट’ विकता. शेकोटी आम्हीच विझवायला लावली. आम्हाला पाण्यापेक्षा या गोष्टीचा जास्त राग आला, हे तुमच्या लक्षात यावं म्हणून लिहितो.

दुसऱ्या दिवशीचा बेत कर्द्याकडून लाडघरकडे किनाऱ्याने खडकांवरून जायचा. पत्रिकेत ‘८.३० नाश्ता, ९.३० प्रस्थान’ असं छापलंय. प्रतिपदेला भरती दुपारी पाऊण वाजता, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसहाला. त्या खडकांवरून जायचं तर उजाडताच निघून आठच्या आत पार व्हायला हवं. साडेनऊला निघून आम्ही अकराला खडकांवर पोचलो, तेव्हा लाटा खडकांवर चढत होत्या आणि शेवाळलेल्या दगडांवर पाय ठरत नव्हता. लीडर म्हणाला, ‘पटकन जाऊ.’ आम्ही गेलो नाही. करवंदीच्या जाळीतून वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढलो आणि उरलेली वाट डांबरी रस्त्याने कापली. ज्या चालण्यासाठी पैसे भरले ते चालणं तिथेच संपलं.

आता कालचा फोन. तो सविस्तर लिहितो, कारण तो तुम्ही ऐकायला हवा. तुमच्याकडे रेकॉर्ड होतो असं सुरुवातीलाच ऐकवतात, तर काढून ऐका.

तुमच्या प्रतिनिधीने आधी सगळी तक्रार ऐकून घेतली. मग म्हणाला, ‘काका, निसर्ग आहे, समुद्र आहे, त्याला कोण काय करणार?’ आम्ही म्हटलं, समुद्राला कोणी काही करू नये, तंबू वर लावावेत. तो म्हणाला, ‘पण पाणी किती वाजता येणार हे कुणाला कसं कळणार?’ आम्ही त्याला सांगितलं की हर्णै बंदरावर मासळीची टोपली घेऊन बसलेल्या कुठल्याही बाईला विचारा, ती सांगेल. तिथे सगळ्यांना पाठ असलेला हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहा वाजता. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दिवसाही आणि रात्रीही, थोडं इकडेतिकडे. आणि हे नको असेल तर भरती-ओहोटीचं छापील कोष्टक मिळतं, मोबाइलवरही दिसतं. यावर तो हसला. खरोखर हसला. आणि म्हणाला, ‘काका, आम्ही पंचांग बघून ट्रेक काढत नाही. सुट्टी बघून काढतो.’

आम्ही विचारलं, मग लीडरला भरतीची वेळ कोण सांगतं? तो म्हणाला, ‘लीडर एक्स्पीरियन्स्ड आहेत.’ आम्ही विचारलं, त्याने कुठलं प्रशिक्षण घेतलंय? तो म्हणाला, ‘ते इंटर्नल असतं.’ मग सूर बदलून म्हणाला, ‘तुमच्या वयाला होमस्टेवालं पॅकेज जास्त सूट झालं असतं, पुढच्या वेळी सांगा, दहा टक्के डिस्काउंट देतो.’ त्या तुकडीत सगळ्यात तरुण बावीस वर्षांची होती आणि तिचाच तंबू सगळ्यात आधी वाहिला. वयाचा संबंध काय? पाण्याने वय विचारलं नाही. शेवटी त्याने आम्हाला सांगितलं की कॉल संपल्यावर मेसेज येईल, त्यात पाच स्टार द्या, नाहीतर त्याच्या पगारावर परिणाम होतो. त्याच्या पगारावर परिणाम व्हावा असं आमचं म्हणणं नाही. त्याला हे उत्तर शिकवणाऱ्यावर व्हावा.

यापेक्षाही मोठी गोष्ट नागेश्वरची आहे आणि त्यावर तर तुमच्याकडून एक शब्दही आलेला नाही. पत्रिकेत तिसरी रात्र ‘नागेश्वर गुहेत मुक्काम’ म्हणून छापली आहे. नागेश्वर कोयना अभयारण्यात येतं आणि हे अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, २०१० पासून. तिथे रात्रीचा मुक्काम चालत नाही. वासोट्याला जाणारा प्रत्येक सातारकर हे जाणतो : बामणोलीला नोंद करायची, ओळखपत्र द्यायचं, मेट इंदवलीला प्लास्टिकच्या बाटल्या मोजून द्यायच्या आणि संध्याकाळपर्यंत जंगलाबाहेर पडायचं. तुम्ही ही रात्र विकलीत. नागेश्वरच्या पायथ्याच्या चोरवणे गावात वनकर्मचाऱ्यांनी परवानगीचा कागद मागितला, तेव्हा तुमच्या लीडरने त्यांना आमच्या बुकिंगची पावती दाखवली. वनकर्मचाऱ्यांचं काहीच चुकलं नाही. त्यांनी नीट समजावून सांगितलं आणि परत पाठवलं. चूक तुमची, कारण परवानगी मागितलेलीच नव्हती. मागितली असती तर मिळणार नाही हे त्याच दिवशी कळलं असतं आणि ही रात्र पत्रिकेत आली नसती.

मग कुंभार्ली घाटाने गाडी फिरवून रात्री दीड वाजता आम्हाला साताऱ्यात आणून सोडलंत. ज्या गावातून निघालो त्याच गावात, आपापल्या घरी झोपायला. ती मुक्कामाची रात्र म्हणून धरू नये.

चौथ्या दिवशी वासोटा. बोट आधी सांगून ठेवलेली नव्हती. बामणोलीला पोचून बोट मिळेपर्यंत साडेबारा झाले. शिवसागर जलाशयातून मेट इंदवलीपर्यंत दीड तास, वर चढायला अडीच, उतरायला दोन, परत बोटीला दीड. साडेबाराला निघालेला माणूस उजेडात परत येत नाही. आम्ही मेट इंदवलीच्या चौकीपर्यंत जाऊन फिरलो. मारुतीचं देऊळ, पाण्याची टाकी, महादेवाचं देऊळ, बाबुकडा यांतलं काहीही पाहिलेलं नाही. तरी तुमच्या पानावर आमच्या तुकडीचा बोटीतला फोटो ‘वासोटा समिट डन’ म्हणून झळकतोय. तो आजच्या आज काढा.

सामानाच्या यादीत तुम्ही ‘डिओ / बॉडी स्प्रे’ लिहिलंय, तेही काढा. घाटातल्या कड्यांना आग्या मोहळं असतात. उग्र वास आणि धूर यांनी ती उठतात आणि अंगावर आली तर कड्याच्या काठावर पळायलाही जागा नसते. असल्या यादीवरून कळतं की ती जंगलात न गेलेल्या माणसाने बनवली आहे.

पूर्वी तुमच्याबरोबर पावसाळी भटकंतीला आमच्यातले बरेच जण आले होते. तेव्हा लीडर गावातला असायचा, वाट त्याच्या पायाखालची असायची, आणि दोर, प्रथमोपचार, पाणी यांची तो निघण्याआधी आमच्यासमोर तपासणी करायचा. त्या विश्वासावरच चौदा जणांनी आगाऊ पैसे भरले. ते लीडर कुठे गेले? सुट्ट्यांच्या तुकड्या वाढवायच्या म्हणून कमी पैशात मिळेल तो माणूस तुम्ही पाठवू लागलात, असं आम्हाला दिसतं. चुकीचं असेल तर लेखी कळवा.

आमची मागणी : नागेश्वर मुक्काम आणि वासोटा या दोन्ही न झालेल्या टप्प्यांचे माणशी ५,००० रुपये परत करा. भिजून निकामी झालेल्या दोन मोबाइलची आणि आमच्या स्वतःच्या चार स्लीपिंग बॅगांची भरपाई वेगळी द्या. बिलं सोबत जोडली आहेत. साहसी पर्यटनाच्या राज्य शासनाच्या धोरणाखाली तुमची नोंदणी असेल तर तिचा क्रमांक आणि त्या लीडरच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र पाठवा. उत्तर पंधरा दिवसांत आणि लेखी हवं. फोन नको.

पावतीच्या मागे ‘सर्व वाद पुणे न्यायक्षेत्रात’ असं छापलंय म्हणून निर्धास्त राहू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेला शुल्कही लागत नाही. साताऱ्याचा आयोग आम्हाला जवळ आहे. परवानगी नसलेली रात्र विकणं ही सेवेतली त्रुटी आहे हे सिद्ध करायला तुमची छापील पत्रिका पुरेशी आहे. परवानगी नव्हती, हे पुन्हा लिहितो, कारण ते तुम्ही अजून एकदाही मान्य केलेलं नाही.

आणि एक गोष्ट पंधरा दिवस थांबू शकत नाही. तुमची पुढची तुकडी महाशिवरात्रीला निघते आहे, पहिली रात्र पुन्हा कर्द्याला. त्या दिवशी चतुर्दशी आहे, दुसऱ्या दिवशी अमावास्या. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे लोक जेवून आडवे होत असतील तेव्हाच उधाणाचं पाणी चढत असेल. जाहिरातीत त्या तुकडीत लहान मुलांनाही प्रवेश लिहिलाय. ती रद्द करा. रद्द करणार नसाल तर तंबू सुरूच्या ओळीच्या वर लागतील असं तुमच्या लीडरला आज लेखी कळवा आणि त्या पत्राची प्रत आम्हाला पाठवा.

माघ पौर्णिमेच्या तुकडीतील चौदा सदस्यांच्या वतीने,
सातारा

सोबत : पावत्यांच्या प्रती, छापील कार्यक्रमपत्रिका, भिजलेल्या तंबूंचे आणि भरतीच्या रेघेचे फोटो, नुकसानीची बिलं.