शॉर्ट फिल्म संपली की दिग्दर्शकाला जरा गप्प बसवा

माननीय संपादक,

शॉर्ट फिल्मच्या स्क्रीनिंगच्या बातम्या तुम्ही छापता, बक्षीस कुणाला मिळालं ते पण येतं, म्हणून हे तुम्हालाच लिहितोय. मी फिल्म मेकिंग शिकतोय, आणि आमच्यासारख्यांना वर्गापेक्षा जास्त शिकवतात ते अंधारात बसलेले लोक, असं माझं पक्कं मत झालंय. पण स्क्रीनिंगचा कार्यक्रमच असा आखलेला असतो की नेमकं तेच हाती लागत नाही.

होतं काय, फिल्म संपते, टाळ्या पडतात, लाइट लागतात न लागतात तोच दिग्दर्शकाच्या हातात माइक, आणि तो सुरू, की मला यातून एकटेपण दाखवायचं होतं, ती लाल छत्री म्हणजे तिचं बालपण आहे वगैरे वगैरे. झालं! आता समोरच्याला ती छत्री नुसती छत्रीच वाटली असेल तर तो कशाला हात वर करतोय? तो म्हणणार छान होती, सिनेमॅटोग्राफी मस्त. (सिनेमॅटोग्राफी मस्त म्हणजे बहुतेक वेळा गोष्ट कळलेली नाही, हे आम्हाला आता पाठ झालंय.)

खरी रिअ‍ॅक्शन माइकवर येतच नाही हो, ती फिल्म चालू असतानाच येऊन गेलेली असते. म्हणून मी मागच्या रांगेत कडेला बसतो आणि पडद्यापेक्षा लोकांच्या डोक्यांकडे जास्त बघतो, मोबाइल कुठे पेटतात, खोकला कुठे सुरू होतो, 'हा कोण आता?' असं शेजारच्याला कुठे विचारतात.

मित्राची एक छोटी फिल्म आहे, त्यात मुलगा बापाला सांगतो की मी आता परत येणार नाही. एकदम गंभीर सीन, आणि हॉल हसला. खो खो नाही, पण हसला. मित्र बाहेर येऊन नटावर भडकला, एक सर म्हणाले डायलॉग बदल, कुणी म्हणालं मागे म्युझिक टाक म्हणजे लोक रडतील. नंतर आम्ही शांतपणे परत लावून बघितली तर त्या डायलॉगनंतर लगेच दाराची बेल वाजते, आणि तीच बेल त्याआधी दोनदा गंमत म्हणून वापरलेली, भलत्या वेळी शेजारी टपकतो त्यासाठी. बेलवर दोनदा हसवलेला माणूस तिसऱ्यांदा पण हसणारच ना, त्याचा काय दोष? शेवटी त्या सीनला हातच लावला नाही, आधीच्या दोन्ही ठिकाणी बेल काढून दारावर टकटक टाकली, आणि पुढच्या स्क्रीनिंगला तिथे हॉल चिडीचूप.

वॉल्टर मर्च म्हणून फार मोठे फिल्म एडिटर आहेत, ते हेच सांगतात, की दुखतं कोपरात पण नस दबलेली असते खांद्यात, तसं लोकांना खटकलेला सीन आणि खरा बिघडलेला सीन एकच असेल असं नाही. म्हणजे कुठे दुखलं ते प्रेक्षक बरोबर सांगतो, औषध मात्र त्याला विचारू नये. आणि दुखलं म्हणून प्रत्येक वेळी कापायलाच पाहिजे असंही नाही, एखादा लांब शांत शॉट लोकांना चुळबुळ करायला लावतो आणि तो तसाच ठेवायचा असतो, तेवढा हट्ट पाहिजे.

आता कुणी म्हणेल यूट्यूबवर टाका की, तिथे ग्राफच मिळतो लोक कुठे सोडून गेले त्याचा. मिळतो, आणि कामाचाही आहे, पण का गेले ते तो सांगत नाही, फोन आला म्हणून पण जातात. जिथे ग्राफ वर उडी मारतो तिथे लोकांनी मागे घेऊन परत बघितलेलं असू शकतं, आता ते आवडलं म्हणून की डायलॉग ऐकूच आला नाही म्हणून? 1920च्या दशकात हॅरल्ड लॉइड हा मूकपटांतला विनोदी नट आपली फिल्म रिलीजआधी प्रेक्षकांना दाखवायचा, कुठे हसतात कुठे नाही ते बघायचा आणि तसे बदल करायचा, त्याहून बरा उपाय मला तरी अजून सापडलेला नाही. फक्त प्रेक्षक अनोळखी पाहिजे. घरचे आणि क्रूवाले यांना सगळी गोष्ट आधीच माहीत असते, त्यांना न दाखवलेलं पण दिसतं. आणि कोरा माणूस एकदाच कोरा असतो, म्हणून पहिल्याच कटला (म्हणजे एडिटिंगच्या पहिल्या खर्ड्याला) सगळ्यांना गोळा करून दाखवू नये, थोडे लोक पुढच्या कटसाठी राखून ठेवावेत.

आयोजकांना सांगायचंय ते एवढंच की माइक आधी लोकांकडे द्या. लिझ लर्मन या अमेरिकन कोरिओग्राफरने फीडबॅकची चार पायऱ्यांची पद्धत बसवलीय, ती फिल्मलाही चपखल बसते. सगळ्यात आधी बघणारे सांगणार की काय लक्षात राहिलं, काय भिडलं, मग कलाकार त्याला पडलेले प्रश्न विचारणार, मग बघणाऱ्यांचे प्रश्न पण प्रश्नाच्या आड मत लपवायचं नाही ('एवढा स्लो का ठेवला?' हा प्रश्न नव्हे!), आणि मत सगळ्यात शेवटी, तेही कलाकाराची ऐकायची तयारी असेल तर. छत्रीचं भाषण करायचंच असेल तर त्यानंतर खुशाल करा.

तुमच्याकडे पण एक मागणं आहे. बक्षिसांच्या बातमीखाली थोडी जागा ठेवा, बाहेर पडणाऱ्या दोन-तीन साध्या प्रेक्षकांना गाठा आणि फक्त विचारा की गोष्ट काय होती ते सांगा, आवडली का ते नको. ते जसं सांगतील तसं छापा, साफ चुकीचं सांगितलं तरी दुरुस्त करू नका, दिग्दर्शकाचा फोन आला तरी.

आपला,
फिल्म मेकिंगचा एक विद्यार्थी