आठवडे मोजायचेच तर पहिल्यापासून मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गर्भपाताच्या कायद्यावरून आपल्या पत्रांच्या सदरात गेले काही दिवस चाललेला वाद मी नेमाने वाचते आहे. एका गृहस्थांनी अमेरिकेचा दाखला दिला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ पासून चालत आलेला हक्क जून २०२२ मध्ये एका निकालात काढून घेतला, आपण मात्र २०२१ मध्येच मुदत २० आठवड्यांवरून २४ वर नेली, म्हणजे या बाबतीत आपण पुढारलेले, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या पत्रलेखकांना २४ आठवडे म्हणजे मुली पाडायला मोकळे रान वाटते. दोघेही भांडतात ते शेवटच्या चार आठवड्यांवरून. मी मराठवाड्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत परिचारिका म्हणून लागले आणि परिसेविका म्हणून निवृत्त झाले. माझ्यासमोर आलेल्या बहुतेक बायांचा प्रश्न पहिल्या नऊ-दहा आठवड्यांतच मिटायला हवा होता. तो का मिटला नाही, मधले आठवडे कुठे गेले, हे दोन्ही पत्रांत कुठे आले नाही, म्हणून लिहिते.

आधी कायद्याविषयी, कारण त्यात बराच घोळ दिसतो. २४ आठवडे सरसकट कुणालाच मिळालेले नाहीत. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. २० ते २४ या टप्प्यासाठी दोन डॉक्टर लागतात आणि कुणासाठी, त्याची यादी नियमांत आहे: बलात्कार झालेल्या, अल्पवयीन, गरोदरपणातच विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या, अपंग, मनोरुग्ण, गर्भात गंभीर दोष आढळलेल्या, आपत्तीत सापडलेल्या. त्यापुढे फक्त गर्भात मोठे व्यंग असेल तर, आणि तेही वैद्यकीय मंडळाने होकार दिला तर. आईचा जीव वाचवायची वेळ आली तर मात्र आठवड्यांचे बंधन नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयात न्या. चंद्रचूड यांच्या खंडपीठाने अविवाहित स्त्रीलाही या टप्प्यातून वगळता येणार नाही असे सांगितले, आणि नवऱ्याने केलेली जबरदस्ती या कायद्यापुरती बलात्कारच धरायची, असेही. निकाल चांगलाच आहे. पण यात मोकळे रान कुठे आहे?

आणि पुढारलेपणाचे म्हणाल तर, गर्भपात करणे-करवणे हा आपल्याकडे आजही मुळात गुन्हा आहे. १८६० च्या दंडसंहितेतले ३१२ कलम जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ८८ वे होऊन बसले आहे. त्यात तीन वर्षांची कैद आहे, पोटात मूल हालू लागले असेल तर सात, आणि स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही त्याच कलमात येते. १९७१ चा कायदा एवढेच सांगतो की, नोंदणीकृत डॉक्टरने अमुक अटींवर केले तर त्याला गुन्हा धरू नये. म्हणजे संरक्षण आहे ते डॉक्टरला. ‘मला नको आहे’ हे बाईचे म्हणणे कागदावर पुरत नाही, डॉक्टरचे मत व्हावे लागते. ज्या समितीच्या अहवालावरून हा कायदा झाला तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचेच मंत्री शांतिलाल शहा होते. चोरून पाडताना मरणाऱ्या बाया हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. तो पुष्कळसा सुटलाही. पण डॉक्टर नाही म्हणाला तर काय, याचे उत्तर त्या कायद्यात तेव्हाही नव्हते आणि आजही नाही.

आता आठवडे कुठे जातात ते सांगते.

अंगावर पाजते आहे तोवर दिवस जात नाहीत, हे आपल्याकडे घरोघर सांगतात. पाळी आलेली नसतेच, त्यामुळे चुकली हे कळत नाही. उलट्या झाल्या तर पित्त म्हणून सोडा पितात. पोट दिसायला लागले की मग धावाधाव. ही फक्त खेड्यातली अडाणी समजूत आहे असे मानू नये. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेल्या विवाहितेचे हेच झाले होते. दोन मुले, धाकटे अंगावरचे, बाळंतपणानंतरच्या मानसिक आजाराची औषधे सुरू, आणि दिवस गेल्याचे कळले ते फार उशिरा. ९ ऑक्टोबरला परवानगी मिळाली, मग दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाले आणि १६ तारखेला तिघांच्या पीठाने ती नाकारली. तोवर २६ आठवडे उलटून गेले होते. त्या आठवड्यात दूरचित्रवाणीवर गर्भाच्या हक्कावर केवढी चर्चा! बाळंतिणीला घरी पाठवताना पुन्हा दिवस जाण्याबद्दल धड पाच मिनिटे कोणी बोलते का, यावर अवाक्षर नाही.

दुसरे, ऊसतोड. दसरा-दिवाळी झाली की आमच्या भागातल्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल घेतलेली असते दोघांच्या नावावर. बाई एक दिवस फडावर गेली नाही तर खाडा लागतो, त्याचे पैसे कापले जातात. डिसेंबरात पाळी चुकली हे तिला कळते, पण परक्या तालुक्यात, कोपीत राहून, मुकादमाला काय सांगून ती दवाखान्यात जाणार? ‘पाडव्याला गावी गेल्यावर बघू.’ पाडव्याला ती आमच्याकडे येते तेव्हा चौथा सरत आलेला असतो. आठव्या आठवड्यात गोळ्यांनी झाले असते त्यासाठी आता तिला जिल्ह्याला पाठवावे लागते. अशा बाईला कायद्याने चार आठवडे जास्त दिले काय, न दिले काय.

तिसरे कारण फार चीड आणणारे आहे, कारण ते निव्वळ आपण तयार केलेले आहे. नवऱ्याची सही. सज्ञान स्त्रीला गर्भपातासाठी कुणाचीही संमती लागत नाही. फॉर्म सी या संमतीपत्रावर तिची एकटीची सही पुरते. ती अठरा वर्षांखालची किंवा मनोरुग्ण असेल तेव्हाच पालकाची लागते. हे १९७१ पासून असेच आहे. तरीही सरकारी असो की खासगी, ‘नवऱ्याला घेऊन ये’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की नव्याने रुजू झालेल्या मुलींना तो नियमच वाटतो. नवरा पुण्याला कंपनीत, नवरा दारूत, नवरा सोडून गेलेला, नवऱ्यापासूनच लपवायचे आहे. बाई परत जाते. काही ठिकाणी त्याच्या पुढची पायरी असते: ‘आधी ऑपरेशनला हो म्हण, मग खाली करून देतो.’ पंचवीस वर्षांच्या पोरीला कुटुंबनियोजनाच्या उद्दिष्टासाठी असे अडवून धरायला कुठल्या कायद्यात लिहिले आहे? २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक फसल्याच्या तरतुदीतले ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द काढून ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे केले. तिचे नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैदेची तरतूदही आहे. आमच्याकडे मात्र ओपीडीच्या रांगेतच मोठ्याने विचारतात, ‘कितवा? लग्न झालंय ना?’

आता त्या दुसऱ्या पत्रातल्या मुद्द्याकडे येते, कारण तो खोटा नाही. मुली पाडल्या जातात. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, २०११ मध्ये ८९४. परळीच्या दवाखान्यातले स्त्रीभ्रूणहत्येचे प्रकरण आपण पाहिले, २०१७ मध्ये म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले १९ भ्रूण पाहिले. पहिल्या दोन मुली असलेली सून पंधराव्या-सोळाव्या आठवड्यात सासूबरोबर येते आणि ‘परिस्थिती नाही हो सिस्टर’ म्हणते, तेव्हा कुठून काय कळून आली आहे ते आम्हाला समजत होते. गर्भलिंग चाचणीविरुद्धचा पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, केंद्राने १९९४ मध्ये. तो हवाच. सोनोग्राफी करणाऱ्याला पकडा, सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म एफ तपासा, मशीनला सील ठोका, माझी काही हरकत नाही. त्या कायद्यातच बाईला घरच्यांनी भाग पाडले असे गृहीत धरायला सांगितले आहे, हा त्याचा शहाणपणा.

पण प्रत्यक्षात काय झाले? धाडी पडू लागल्या तशी तालुक्याच्या डॉक्टरांनी गर्भपात करणेच सोडून दिले. ‘नको ती भानगड’ म्हणून. कागद चोख असलेल्यांनीही सोडले. औषध प्रशासनाने गर्भपाताच्या गोळ्यांचा हिशोब मागायला सुरुवात केली, तेव्हा मेडिकलवाल्यांनी ठेवणेच बंद केले. आणि इथे मला शासनाला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. या गोळ्या चालतात नऊ आठवड्यांपर्यंत. नवव्या आठवड्यात सोनोग्राफीवर मुलगा की मुलगी दिसते का? नाही दिसत. मग ज्या गोळ्यांनी मुलगी निवडून पाडताच येत नाही त्या अडवून कोणती मुलगी वाचली? झाले उलटेच. जिला सातव्या आठवड्यात गोळ्या मिळाल्या असत्या ती दार ठोठावत पंधराव्यापर्यंत आली, आणि आता तिच्याकडेही सगळे संशयाने बघतात.

जिला दार ठोठावायचे नाही ती दुसरी वाट शोधते. २०१५ मध्ये देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे, आणि त्यातले सुमारे ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. गोळ्या वाईट नाहीत, वेळेत आणि नीट सांगून दिल्या तर चांगल्या आहेत. वाईट हे की, त्या कुणाच्या तरी हातून, किती आणि कशा घ्यायच्या ते न सांगता मिळतात. मग आठ-दहा दिवस अंगावरून जात राहते, बाई पांढरीफटक होऊन येते, आणि आपण तिलाच रागावतो की, आधी का नाही आलीस.

बलात्कारातून दिवस गेलेल्या चौदा वर्षांच्या मुलीचे २०२४ मधले प्रकरण आठवत असेल. मुंबई उच्च न्यायालयाने ४ एप्रिलला नकार दिला, सर्वोच्च न्यायालयाने २२ एप्रिलला परवानगी दिली आणि २९ तारखेला पालकांच्या सांगण्यावरून स्वतःचाच आदेश मागे घेतला, कारण तोवर जवळजवळ तिसावा आठवडा होता आणि ते घाबरले होते. यात न्यायाधीशांना दोष देण्याइतकी माझी समज नाही. पण इतक्या लहान मुलीच्या बाबतीत नुसत्या दोन निकालांच्या मध्ये अठरा दिवस जातात, हे मला समजत नाही. वैद्यकीय मंडळाने तीन दिवसांत मत द्यावे असा नियम आहे ना? मग आधी पोलीस, मग वकील, मग कोर्ट हा रस्ता पोरीने का चालायचा?

आपल्या वाचकांत आमदार, जिल्हा परिषदेचे सदस्य आहेत, म्हणून तीन मागण्या इथेच लिहिते. आशाताईच्या पिशवीत लघवी तपासायचे निश्चय किट असते, ते ‘हो’ निघाल्यावर नको असेल तर कुठे जायचे, हे तिला लेखी द्या. सरकारी रुग्णालयाला गर्भपातासाठी वेगळी मान्यता लागत नाही, तेव्हा प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातल्या एका तरी एमबीबीएस डॉक्टरला प्रशिक्षण द्या, गोळ्यांचा साठा ठेवा, आणि साखर कारखान्यांच्या तालुक्यांत हंगामात फडावर जाणाऱ्या पथकाकडेही ही माहिती असू द्या. आणि कुटुंबनियोजनाच्या रंगीत फलकाशेजारी एक साधा फलक लावा: ‘अठरा वर्षांवरील स्त्रीला गर्भपातासाठी पतीची किंवा इतर कुणाची सही लागत नाही.’ तो लावायला नवा कायदा लागत नाही, आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी मनावर घेतले तर एक परिपत्रक पुरेल.

आपली,
एक निवृत्त परिसेविका
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे. माझ्या सुना-लेकींना गावात राहायचे आहे, म्हणून छापू नये.)