थोरलीला अजून थोडे दिवस लहानच राहू द्या

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तुम्ही पुढच्या आठवड्यात येत आहात, त्याआधी एक गोष्ट मोकळेपणाने सांगायची होती. पण फोन हातात घेतला की थोरली शेजारीच घुटमळत असते आणि विषय तिचाच असल्यामुळे तो तिच्यासमोर काढणे मला योग्य वाटत नाही, म्हणून हे पत्र.

बाळाचे उत्तम चालले आहे. दूध, झोप आणि रडणे यापलीकडे त्याचे जग अजून गेलेले नाही. खरी उलथापालथ झाली आहे ती तुमच्या साडेतीन वर्षांच्या नातीच्या आयुष्यात. अंथरूण ओले करणे बंद होऊन कितीतरी महिने झाले होते, ते पुन्हा सुरू झाले आहे. भरवल्याशिवाय ती जेवत नाही आणि मध्येच अशी बोबडी बोलते, की खऱ्या बोबड्या वयातही ती इतकी बोबडी बोलली नसेल. परवा तिने बाळाच्या पायातला मोजा काढून स्वतःच्या पायात चढवला. त्यात तिची जेमतेम बोटे मावली, पण टाच उघडी ठेवून ती दिवसभर तशीच घरभर हिंडली आणि रात्री झोपेतसुद्धा तिने तो काढू दिला नाही. नवे भावंड आले की या वयाच्या मुलांच्या अंगवळणी पडलेल्या गोष्टी काही काळ मागे पडतात, हे नेहमीचेच आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यावरून रागावू नये आणि चारचौघांत तिला लाज वाटेल असे तर मुळीच बोलू नये, हेही त्यांनी आवर्जून सांगितले.

गंमत म्हणजे तिचा राग बाळावर नाही, माझ्यावर आहे. मी बाळाला पाजायला बसले, की नेमका त्याच क्षणी पेला कलंडतो, नाहीतर खडूची रेघ भिंतीवर उमटते. जूडी डन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी केंब्रिजमधल्या कुटुंबांत जाऊन, आई, थोरले मूल आणि तान्हे बाळ यांचे रोजचे वागणे घरातच बसून टिपले होते. आई बाळात गुंतलेली असतानाच थोरल्यांच्या खोड्या वाढतात, असे त्यांना दिसले, तेव्हा हा काही आमच्याच घरचा प्रकार नव्हे. त्यांचे दुसरे निरीक्षण मला अधिक उपयोगी पडले. ज्या घरांत आई थोरल्याशी बाळाविषयी एक माणूस म्हणून, म्हणजे त्याला काय हवे असेल, ते का रडत असेल असे बोलत असे, तिथे पुढे भावंडांचे अधिक जमले. मी ते करून पाहते आहे. काल बाळ रडू लागल्यावर तिला विचारले, ‘‘काय गं हवं असेल याला?’’ तिने बराच वेळ त्याच्याकडे निरखून पाहिले, ‘‘उजेड नकोय त्याला,’’ असे सांगितले आणि खुर्चीवर चढून पडदा ओढला. बाळाला खरे तर भूक लागली होती, पण मी पडदा तसाच राहू दिला.

बाबा, तुम्ही म्हणाल की पुस्तके वाचून मुले वाढत नाहीत, आणि ते मलाही मान्य आहे. मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर यांनी थोरल्या मुलाची अवस्था पदच्युत राजासारखी असल्याचे मांडले होते; ते स्वतः मात्र घरातले दुसरे अपत्य होते, हे कळल्यावर मला हसू आले. मिशिगन विद्यापीठाच्या ब्रेंडा व्होलिंग यांनी २४१ कुटुंबांचा दुसऱ्या बाळाच्या जन्माआधीपासून त्यानंतरच्या वर्षभरापर्यंत मागोवा घेतला, आणि बहुतेक मुले हा बदल चांगला पचवतात, असेच त्यांना आढळले. म्हणून मी घाबरलेली नाही. घरातल्या मोठ्यांनी आपल्या बोलण्याने तिच्या त्रासात भर घालू नये, एवढीच माझी इच्छा आहे.

फोनवर तुम्ही दोघेही तिला प्रेमानेच म्हणता, ‘‘आता तू मोठी ताई झालीस, आता तुझे लाड बंद.’’ तुमच्या दृष्टीने ती थट्टा असते, पण ती त्यातला शब्दन् शब्द खरा मानते आणि फोन ठेवल्यावर मला विचारते, ‘‘बंद म्हणजे कधीपासून?’’ कृपा करून हे वाक्य सोडून द्या. तुम्ही याल तेव्हा बाळ बहुधा झोपलेलेच असेल, त्यामुळे आधी तिला भेटा आणि बाळ दाखवायचा मान तिलाच द्या. आई, तू मला विश्रांती मिळावी म्हणून थोरलीला दूर नेशील, पण त्यापेक्षा रोज थोडा वेळ बाळाला तूच घे, म्हणजे तेवढा वेळ मी तिची एकटीची होईन. बाबांनी तिला बाहेर फिरवून आणावे, आणि बाळाचा विषय तिने काढला तरच काढावा. ती बाळाला घ्यायला मागेल, तेव्हा तिला जमिनीवर बसवून मांडीवर द्या, पण दोघांना एकटे सोडून उठू नका. प्रेमाच्या भरातही ती फार घट्ट आवळते.

मी धाकटी असल्यामुळे थोरल्याची बाजू मला कधी दिसलीच नव्हती. दादाला विचारले, तर त्याला काहीच आठवत नाही म्हणतो. माझ्या वेळी तो कसा वागला होता, हे तुम्हाला आठवत असेल तर आल्यावर नक्की सांगा, आणि तिच्यासमोर सांगा, कारण दादामामाच्या खोड्या ऐकायला तिला फार आवडतात.

बाकी सर्व क्षेम. प्रवासात जपून या, आणि बाबांच्या गोळ्या हाताच्या पिशवीतच ठेवा.

तुमची मुलगी