तालुक्याच्या मैदानापर्यंतचे भाडे कोणी द्यायचे? : शालेय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : जिल्हा परिषद शाळांतील सहशालेय उपक्रम व स्पर्धांसाठी नियमित तरतूद करण्याबाबत.

महोदय,

जिल्हा परिषदेच्या शाळांत आधी शिक्षक आणि नंतर केंद्रप्रमुख (जवळपासच्या काही शाळांच्या गटाचा, म्हणजे 'केंद्रा'चा, पर्यवेक्षक) म्हणून काम करून मी निवृत्त झालो आहे. ग्रामीण भागातल्या मुलांनी खेळात, विज्ञान प्रदर्शनात, वक्तृत्वात किंवा शिष्यवृत्ती परीक्षेत नाव काढले की शासनाकडून त्यांचे कौतुक होते, आणि ते व्हायलाच हवे. परंतु मूल त्या यशापर्यंत पोहोचावे म्हणून आधी जो पैसा, जो वेळ आणि जी माणसे लागतात, त्यांची सोय आपल्या व्यवस्थेत कोठेच नीट लावलेली नाही, हे मी या पत्रातून आपल्यापुढे मांडू इच्छितो. पत्र जाहीरपणे लिहिण्याचे कारण इतकेच की याच मागण्या तालुका पातळीवरच्या बैठकांत वर्षानुवर्षे तोंडी मांडल्या जातात आणि इतिवृत्तात 'चर्चा झाली' या दोन शब्दांवर विरतात.

खेड्यातल्या मुलांत गुणवत्ता आहे की नाही, हा वाद आता उरलेला नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक मिळवले. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांच्या शर्यतीत) केनियाच्या दोन धावपटूंच्या मधोमध रौप्यपदक पटकावले. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत २०१० सालीच राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्याचे कांस्यपदक घेऊन आल्या होत्या. शाळांचेही तसेच आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेने २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळवला. ही नावे आपल्या भाषणांतही येतात, म्हणून त्यांची यादी मी वाढवत नाही.

मला त्यांतल्या दोन वाटांकडे आपले लक्ष वेधायचे आहे. कुसाळे २००९ मध्ये राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाले. म्हणजे शाळकरी वयातच शासनाने त्यांच्या निवासाचा, आहाराचा आणि प्रशिक्षणाचा भार उचलला, आणि त्याचे फळ पंधरा वर्षांनी मिळाले. साबळे लहानपणी सहा किलोमीटर अंतर कापून शाळेत जात असत, परंतु स्टीपलचेसचे शास्त्रशुद्ध प्रशिक्षण त्यांना मिळाले ते सैन्यात भरती झाल्यानंतर. एका ठिकाणी शासन वेळेवर पोहोचले आणि दुसऱ्या ठिकाणी सैन्याने ते काम केले. ज्यांच्यापर्यंत दोघांपैकी कोणीच पोहोचले नाही त्यांची संख्या सांगणारी कोणतीही नोंदवही आपल्याकडे नाही. ते मूल दहावीनंतर ऊसतोडीला गेले, वीटभट्टीवर गेले किंवा मुलगी असेल तर तिचे लग्न झाले, एवढेच गावाला ठाऊक असते.

आता स्पर्धांची प्रत्यक्ष रीत पाहू. प्राथमिक शाळांच्या क्रीडा व सांस्कृतिक स्पर्धा केंद्र, बीट (काही केंद्रांचा मिळून गट), तालुका आणि जिल्हा अशा पायऱ्यांनी होतात. केंद्रस्तरावर मुले चालत किंवा सायकलीवर येतात, म्हणून अडचण जाणवत नाही. बीटस्तरापासून वाहन लागते. तालुक्याच्या ठिकाणी एक संघ न्यायचा म्हणजे जीपचे किंवा टेम्पोचे भाडे, दुपारचे जेवण, खेळाडूंना निदान एकसारखे बनियन, आणि मुलींचा संघ असेल तर सोबत एक शिक्षिका किंवा पालक महिला, इतके तरी हवेच. हा खर्च शाळेने कोठून करावा? समग्र शिक्षा योजनेतून क्रीडा साहित्यासाठी प्राथमिक शाळेला वर्षाला ५,००० रुपये आणि उच्च प्राथमिक शाळेला १०,००० रुपये अशी तरतूद आहे. ती चेंडू, दोऱ्या, जाळी यांसाठी आहे, प्रवासासाठी नाही. संयुक्त शाळा अनुदान तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला १०,००० रुपये मिळते आणि त्यातच खडू, स्टेशनरी, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता आणि वीजबिल भागवायचे असते. ही रक्कमही पुष्कळदा शैक्षणिक वर्ष संपत आल्यावर खात्यावर जमा होते, तोपर्यंत स्पर्धा होऊन गेलेल्या असतात. मग शिक्षक आपापसांत वर्गणी काढतात, सरपंचांना गळ घालतात, गावातला कोणी ट्रॅक्टरवाला डिझेल स्वतःचे घालून मुलांना सोडतो. मुलांना ट्रॉलीत बसवून नेणे धोक्याचे आहे हे नेणाऱ्यालाही कळते आणि परवानगी देणाऱ्यालाही कळते, आणि वाटेत काही झाले तर जबाबदारी मात्र एकट्या मुख्याध्यापकावर येते. जिल्हास्तरावर निवड झालेला संघ केवळ भाड्याअभावी गेला नाही, असे माझ्या सेवाकाळात मी पाहिले आहे. त्या संघाची नोंद कागदोपत्री 'गैरहजर' अशी झाली.

दुसरी अडचण पटाची आहे, आणि तिच्याबद्दल मंत्रालयात फारसे बोलले जात नाही. वाडीवस्तीवरच्या शाळांचा पट वीसच्या आत आला की त्यांच्या समायोजनाची, म्हणजे त्या दुसऱ्या शाळेत मिळवण्याची, चर्चा सुरू होते. सप्टेंबर २०२३ मध्ये अशा लहान शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आला तेव्हा पालकांनी त्यास मोठा विरोध केला होता. त्या वादात मी येथे शिरत नाही. परंतु शाळा चालू ठेवायची तर तिथल्या मुलांना खेळायलाही मिळाले पाहिजे. खो-खोत मैदानावर नऊ खेळाडू लागतात, कबड्डीत सात. पहिली ते चौथीचा पट सतरा असेल आणि त्यात मुली आठ असतील, तर त्या शाळेतली चपळातली चपळ मुलगीसुद्धा खो-खो स्पर्धेत उतरू शकत नाही, कारण स्पर्धेत शाळा हाच घटक धरला जातो. शेजारच्या तीन वस्तीशाळांच्या मुलींचा मिळून एक संघ करा, असे सांगायला एक पैसाही लागत नाही. लागते ते केवळ एक परिपत्रक. लहान पटाच्या शाळांना केंद्राचा संयुक्त संघ उतरवण्याची मुभा सर्व जिल्ह्यांच्या स्पर्धा नियमावलीत द्यावी, ही माझी पहिली आणि सर्वांत सोपी विनंती आहे. त्यासाठी मंत्रिमंडळापुढे जाण्याचीही गरज नाही.

पाचवीनंतर मुली मोठ्या गावच्या शाळेत जातात तेव्हा प्रश्न एसटीचा होतो. अहिल्याबाई होळकर योजनेतून पाचवी ते बारावीच्या मुलींना मोफत पास मिळतो, आणि मानव विकास कार्यक्रमातील १२५ तालुक्यांत मुलींसाठी बसगाड्याही आहेत. या दोन योजनांमुळे असंख्य मुलींचे शिक्षण टिकले, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. पण गाडीची वेळ शाळा सुटण्याच्या वेळेशी बांधलेली असते. सराव, नाटकाची तालीम, विज्ञान प्रदर्शनाच्या मॉडेलचे काम हे सगळे शाळा सुटल्यावरच होते, आणि त्या वेळी बाहेरगावची मुलगी थांब्यावर उभी असते. त्यामुळे शाळेच्या संघात गावातल्या मुली दिसतात आणि वाड्यांवरच्या दिसत नाहीत. त्या खेळायला नको म्हणतात असे शिक्षकही समजून चालतात. आठवड्यातून निदान दोन दिवस शेवटची फेरी दीड तास उशिरा सोडावी, एवढे परिवहन खात्याशी बोलून ठरवता येईल. आगारप्रमुखाला मुख्याध्यापक पत्र देतात, आगारप्रमुख वरिष्ठांकडे बोट दाखवतात. दोन खात्यांचे मंत्री बोलले तर हे एका बैठकीत सुटेल.

शिकवणाऱ्यांचे पाहिले तर शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात क्रीडांगण सांगितले आहे, प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य सांगितले आहे, आणि सहावी ते आठवीचा पट शंभरहून अधिक असलेल्या शाळेला कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक (अर्धवेळ प्रशिक्षक) सांगितले आहेत. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. शंभरच्या खालच्या शाळांना तर कायद्यानेही काही दिलेले नाही, आणि दुर्गम भागातल्या शाळा बहुतांश त्याच आहेत. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला कायद्यानुसार दोन शिक्षक मिळतात. त्यांतला एक प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की चार वर्ग एकाच्या गळ्यात पडतात, आणि त्या दिवशी खेळाचा तास म्हणजे मुलांना पटांगणात सोडून देणे. याच कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अन्य अशैक्षणिक काम शिक्षकांना देऊ नये असे स्पष्ट सांगते. त्या कलमाचे काय झाले आहे हे आपल्याला मी सांगावे असे नाही. माझे म्हणणे एवढेच की प्रत्येक शाळेला निदेशक देणे शक्य नसेल तर प्रत्येक केंद्राला एक क्रीडा आणि एक कला निदेशक द्यावा. तो आठवड्यात वेगवेगळ्या शाळांवर फिरेल आणि मुलांना नावानिशी ओळखेल. गुणवत्ता हेरण्यासाठी मोहिमा आखाव्या लागतात, त्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

परीक्षांबाबत थोडेच लिहितो. शिष्यवृत्ती परीक्षा २०१६-१७ पासून चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला गेली तेव्हा चौथीपर्यंतच्या शाळांतले हे काम जवळजवळ बंद पडले, कारण तयारी करून घेतलेले मूल परीक्षेच्या वर्षी दुसऱ्याच शाळेत असे. ती परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला घेण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. आठवीतल्या आर्थिक दुर्बल घटकांच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीतून नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आणि ग्रामीण घरात ही रक्कम मुलीचे शिक्षण चालू ठेवण्यास पुष्कळदा पुरेशी ठरते. विद्यार्थ्यांच्या विज्ञानविषयक कल्पनांसाठीच्या 'इन्स्पायर मानक' योजनेत निवडलेल्या कल्पनेसाठी थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर १०,००० रुपये येतात. लक्षात घ्यावे असे आहे की येथे पैसा मॉडेल तयार होण्याच्या आधी येतो, आणि म्हणूनच खेड्यातली मुले त्या प्रदर्शनांत शहरातल्या मुलांच्या बरोबरीने उभी राहतात. खेळात आणि कलेत हीच पद्धत का असू नये, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' या शाळाशाळांतल्या स्पर्धेच्या उपक्रमाने शाळांमध्ये उत्साह आणला हे खरे आहे. मात्र बक्षीस हे जात्याच पुढे असलेल्या शाळेकडे जाते. ज्या गावात लोकवर्गणी जमते तेथे भिंती रंगतात, परसबाग होते, गुण वाढतात. जेथे निम्मे गाव ऑक्टोबरात कोयता घेऊन बाहेर पडते तेथे वर्गणी कोणाकडून घ्यायची? तसेच पुणे जिल्हा परिषदेने निवड परीक्षा घेऊन आपल्या शाळांतील विद्यार्थ्यांना इस्रो आणि नासा दाखवले, त्याचे मला मनापासून कौतुक आहे आणि इतर जिल्ह्यांनीही ते करावे. फक्त विमानाच्या तिकिटाची बातमी होते तेव्हा तालुक्याच्या जीपचे भाडे अजून शिक्षकाच्याच खिशातून जात आहे, हे कोणीतरी सांगायला हवे.

आणखी एक गोष्ट, जी आकड्यांत बसत नाही. परिपाठात रोज एका मुलाने उभे राहून बातमी सांगणे, बालसभा मुलांनीच चालवणे, आनंद मेळाव्यात घरची भाजी मांडून हिशेब करणे, वर्षाअखेर हस्तलिखित काढणे, हे उपक्रम कोणत्याही स्पर्धेत मोजले जात नाहीत. भिल्ली, कोरकू, पावरी किंवा गोरमाटी बोलत शाळेत आलेले मूल तिसरीत सर्वांसमोर चार वाक्ये स्वतःहून बोलते, ही त्या शाळेची वर्षातली सर्वांत मोठी कामगिरी असू शकते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अभ्यास आणि सहशालेय उपक्रम यांत भिंत नको असे म्हणते, आणि शाळांतला 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम त्याच दिशेचा आहे. कृपा करून त्या शनिवारचे छायाचित्र दुपारपर्यंत लिंकवर भरण्याची सक्ती काढून टाकावी. छायाचित्रासाठी उपक्रम थांबवून मुलांना रांगेत उभे करावे लागते, आणि शनिवारच्या आनंदातला बराचसा भाग तेथेच खर्ची पडतो.

येत्या अर्थसंकल्पात केंद्रनिहाय सहशालेय निधीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष (खर्चाचे वेगळे खाते) उघडावे, त्यातून प्रवास, भोजन आणि विमा यांचा खर्च स्पष्टपणे अनुज्ञेय ठरवावा, आणि ही रक्कम दिवाळीच्या सुट्टीपूर्वी केंद्राच्या खात्यावर जमा व्हावी, कारण स्पर्धांचा हंगाम त्यानंतर लगेच सुरू होतो. खर्चाचा हिशेब शाळा व्यवस्थापन समित्यांपुढे ठेवावा. या समित्यांत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि आपल्या मुलाच्या जेवणाच्या पैशाचा हिशेब ते लेखापरीक्षकाहून बारकाईने पाहतील. स्पर्धांचे वेळापत्रक जूनमध्येच जाहीर करावे. संयुक्त संघाचे परिपत्रक मात्र यांपैकी कशासाठीही थांबवून ठेवू नये. ते याच सत्रात निघाले तर या हिवाळ्यात वस्तीशाळांच्या मुली मैदानात उतरू शकतील.

कळावे,

आपला विश्वासू,
एक निवृत्त केंद्रप्रमुख